बाबांच्या जोड्यांवरची पांढरी धूळ

“बाबा, तुम्ही खरंच प्लांटमध्ये जाता का?”

मोनालीनं जेवताना हे विचारलं तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो. प्रश्न तिचा नव्हता बरं का! हर्षा आणि पीयूष या वर्गातल्या दोस्तांनी तिला भरीस घातलं होतं, “हिम्मत है तो पूछ के दिखा!” आणि आमची मोनाली हल्ली मागे हटते थोडीच!

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका दुकानात मी काचेआड बसायचो. मोनालीच्या बारशाआधी तिच्या बाबांनी, म्हणजे केवलरामजींनी, मला घरी आणलं. केवढा मान होता माझा तेव्हा! गोंदियाकडचे पाहुणे हात पुसून मगच मला धरायचे. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि मी गेलो आलमारीत, आईच्या शालूखाली.

माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी. ‘हसा’ म्हटलं की माणसं हसतात. अशा हसण्यावर कोण भरवसा ठेवणार?

यंदा या दोस्तांनी एक खेळ काढला. दर सोमवारी एक विषय ठरवायचा आणि आठवडाभर रोजच्या साध्या गोष्टींचे फोटो काढायचे. मोबाइल दहावीनंतरच मिळणार, म्हणून मोनालीनं मला बाहेर काढलं. पहिला विषय ‘दार’ होता, तर कॉलनीतलं एक दार सोडलं नाही आम्ही! मग ‘पिवळं’, मग ‘वाफ’, आणि आता ‘पाय’.

‘पाय’साठी तिनं दाराबाहेर काढलेले बाबांचे जाड सेफ्टी शूज टिपले. फोटो बघून पीयूष ओरडला, “अबे, ये तो सफेद हैं!”

भिलाई म्हणजे पोलादाच्या प्लांटचं गाव, इथं धुळीचा रंग लहान पोरालाही कळतो. बाबांच्या डिपार्टमेंटमध्ये लोखंडाचं खनिज येतं, त्याची धूळ लाल. माझ्या कार्डात ‘दार’चे फोटो होते, त्यात हेच जोडे गेरू फासल्यासारखे लाल. आता मात्र पिठाच्या चक्कीवरून आल्यासारखे!

“तेरे पापा कहीं दीवारों पर पुट्टी का काम तो नहीं कर रहे?” हर्षा हळूच म्हणाली. “नौकरी छूट जाए तो लोग घर में बताते नहीं.”

त्या दिवसापासून मोनाली सगळं बारकाईनं बघू लागली. मीही. बाबा पूर्वीपेक्षा लवकर निघत. विचारलं तर, “काम वाढलं हाये.” आई जोडे घाईघाईनं पुसून ठेवी. दोघं कुजबुजत, आणि मोनाली आली की एकदम वांग्याच्या भाजीवर बोलू लागत! संशयाला आणखी काय लागतं?

म्हणून तो प्रश्न.

बाबांचा घास हातातच राहिला. “जातो नं. कावून?”

“मग जोडे पांढरे कावून? तुमची नोकरी गेली का, बाबा?”

“पागल झाली का तू!”

“सांगून टाका आता,” आई म्हणाली. “ते पोरगी कॅमेरा घेऊन मागंच लागली हाये.”

“बदली झाली, माय,” बाबा ताटाकडे बघत बोलले. “प्लांटच्याच खदानीत, नंदिनी गावाले. चुनखडीची धूळ हाये ते. तिकडं क्वार्टर भेटते, पण तुही दहावी, तुहे दोस्त, सारं इथं. म्हटलं, परीक्षा होईपर्यंत गाडीनं जाणं-येणं करीन. तुले कायले सांगाचं?”

नोकरी शाबूत होती! मोनाली टाळी वाजवणारच होती. पण बाबांनी मांडी घातली नव्हती. एक पाय लांब सोडला होता. ‘पाय’ आठवडाभर बघणाऱ्या पोरीच्या नजरेतून ते सुटेल होय?

“पायजमा वर करा.”

“काही नाही नं, बेटा.”

“बाबा, वर करा!”

गुडघा सुजून निळा पडला होता.

“नंदिनीले जाताना अहिवाऱ्याच्या रोडवर ट्रकमागं गाडी घसरली,” आई म्हणाली. “पोरीले सांगू नको म्हणे.”

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी ‘जुन्या वस्तू जपा’ असं सांगायचं असतं. जपाच, माझी काचही पुसत जा. पण घरातलं माणूस ‘काही नाही’ म्हणालं, तर तिथं दुसऱ्यांदा बघत जा.

मोनालीनं त्या गुडघ्याचा फोटो काढला नाही. मला गळ्यातून काढून ताटाशेजारी ठेवलं आणि ती उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलं. आपण नंदिनीच्या क्वार्टरमध्ये राहाले जाऊ. शाळा इथलीच ठेवीन, बसनं येईन-जाईन. लांबचा रस्ता आता माझा.”