तांबं मेलं

सासरे कारखान्याचे मुख्य आणि जावई त्यांच्याच हाताखाली इंजिनिअर. लोक म्हणायचे, पोराचं नशीब फळफळलं. जावयाला मात्र घरी आणि दारी एकच साहेब भेटे.

हायड्रोजन विभागातल्या उंच टाकीत नवा उत्प्रेरक भरला होता. दिसायला औषधाच्या गोळ्या. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा सच्छिद्र सांगाडा, त्यावर विखुरलेले तांब्याचे अतिसूक्ष्म कण. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ त्या कणांवर एकमेकांची गाठ घेतात, हायड्रोजन बनवून निघून जातात. तांबं तिथेच राहतं. ऑक्साइडने फक्त त्या कणांना एकमेकांपासून लांब धरायचं. फार तापले की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि मग सगळंच मुसळ केरात.

हे तांबंही येताना ऑक्साइडच असतं. हायड्रोजन चाखवत चाखवत त्याचा धातू करावा लागतो, आणि होताना ते भडकतं. जावई वायू जपून सोडत होता. तेवढ्यात सासरे आले. मालक यायचे होते. त्यांना कारखाना चालू दिसायला हवा होता.

"वाढव," ते म्हणाले.

जावयाने चढतं तापमान दाखवलं.

"हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत. वाढव."

त्याने वाढवलं. तापमान असं उसळलं की झडप बंद करूनही आवरेना. मग टाकी थंड करून कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ सोडली, तर दोन्ही गेली तशीच बाहेर आली. तांबं मेलं होतं.

मालकांसमोर सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की आपण सबुरीने घे म्हणून बजावलं होतं. त्या वेळी जावयाच्या शेजारीच बसलेल्या ऑपरेटरने सगळं ऐकलं होतं. विचारल्यावर तो बुटांकडे बघत राहिला. जावई बोलू लागला, तर सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मालकांना विनवलं, याला काढू नका, माझ्या लेकीचा संसार आहे.

त्याला काढलं नाही. तोंडावर हवेचा मुखवटा चढवून कंत्राटी मजुरांबरोबर त्याच टाकीत उतरवलं, मेलेल्या गोळ्या उपसायला.

बायकोला त्याने खरं काय ते सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"बाबांनीच सांगितलं असणार, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण त्यांची निवृत्ती तोंडावर आलीय. तुझं सोसायचं वय आहे."

रविवारी सासऱ्यांकडे जेवण होतं. त्यांनी पाहुण्यांना जावयाच्या घाईचा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले, बायकोही. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्याला वाढलं, आणि आणखी हवं का म्हणून विचारलं. त्याने ताट पुढे केलं.