जास्तीचं सीरम

दीक्षाला कुणाचं उपाशीपण बघवत नसे, आणि हाच गुण शेवटी नडला. जळालेल्या रुग्णांसाठी त्वचा वाढवायची प्रयोगशाळा ती सांभाळायची. वाडीच्या गोदामातल्या आगीत होरपळलेल्या पंचफुलाच्या काखेत नखाएवढा चांगला तुकडा सापडला होता. त्याच्या पेशी बशीत वाढवायच्या, पापुद्रे करायचे आणि तिच्या पाठीवर चढवायचे. तोवर उघड्या जखमेत जंतू शिरले तर बाई हातची जाणार, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, लहानूला, स्पष्ट सांगितलं होतं.

लहानू रोज दाराशी येऊन विचारायचा, "मॅडम, वाढून राह्यली ना कातडी?"

"वाढून राह्यली, भाऊ."

कसली वाढते, कप्पाळ! पेशी मुंगीच्या चालीनं चालल्या होत्या. त्यांचं पोषणद्रव्य अगदी मोजकं. बघूनच दीक्षाचा जीव कळवळायचा. तिनं त्यात वासराच्या रक्ताचं सीरम टाकलं. सीरममध्ये कॅल्शियम असतं, त्यानं त्वचेच्या पेशी वाढायचं सोडून अकाली पिकतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण थोड्यानं काय होतं, म्हणत तिनं हात सैल सोडला. नवं काही करून बघताना अर्ध्या बश्या जुन्याच द्रव्यावर राखून ठेवायच्या, हा तिथला नेम. तोही मोडला. अर्ध्यांना जेवू घालायचं नि अर्ध्यांना तसंच ठेवायचं, हे तिच्यानं होईना.

दुसऱ्या दिवशी पेशी एकमेकींना अशा गच्च बिलगल्या की दीक्षा हरखूनच गेली. मग वाढ थांबली ती थांबलीच. एकूण एक बशी म्हातारी झाली. तळहाताएवढाही पापुद्रा निघेना. तिकडे पंचफुलाला ताप चढला. नवा तुकडा घेऊन वाढवायला आता सवड नव्हती.

दीक्षानं लहानूला बसवलं आणि सारं सांगून टाकलं. "माह्याच हातानं झालं, भाऊ."

तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली.

"मंग माही काढा ना. लागंल तेवढी काढा."

"नाही चालत, भाऊ. परक्याची कातडी थोडे दिवस टिकते, मग शरीर टाकून देतं."

"काहून? मी का परका आहो, मॅडम? नवरा आहो ना मी तिचा."

हात तसाच पुढे धरून तो उत्तराची वाट बघत बसला.