सव्वा मण तीन शेर

मित्रांनो, मी वलगावच्या आखाड्यातला एक जुना नाल आहे. घोड्याच्या खुराचा नव्हे. पैलवानांनी उचलायचा, मधोमध मूठ कोरलेला काळा दगड. सध्या मुक्काम अमरावती, 'अखिल भारतीय क्रीडा इतिहास संग्रहालय'. नाव ऐकून दचकू नका. खोली एकच आहे आणि वस्तू माझ्यासह तीन.

मला बार्शीटाकळीच्या पाथरवटाने घडवले. १९१२ सालच्या नागपंचमीला खुशालराव पैलवानांनी मला एका हाताने डोक्यावर नेले. गावाने फेटे उडवले. पुढे आखाडा बंद पडला आणि मी कुंपणाशी पडून राहिलो. माझे वजन तोळाभरही वाढले नाही, पण पारावरच्या गोष्टींत मी फुगत गेलो. १९२० साली मी दोन मणांचा होतो, १९३० साली तीन.

भाजी पिकवून विकणाऱ्या मनकर्णाबाईंना या गोष्टींशी कर्तव्य नव्हते. त्यांची बंडी, म्हणजे भाजीची गाडी, घराजवळच्या उतारावर उभी असे. ती घरंगळू नये म्हणून त्या मला उचलून चाकाखाली ठेवत आणि निघताना उचलून बाजूला टाकत. अशी अठरा वर्षे गेली. कौतुक झाले नाही, पण मेथीचा वास रोज मिळाला.

१९३७ साली केशवराव मास्तरांनी हे संग्रहालय काढले. मनकर्णाबाई शेतात असताना चार तरुणांनी मला चाकाखालून काढून अमरावतीला आणले. मास्तरांनी पाटी रंगवली: 'वजन चार मण. हा नाल आजवर फक्त खुशालराव पैलवानांनी उचलला.' ज्या शहरात कापूस रोज शेरापर्यंत मोजला जातो, तिथे मला काट्यावर ठेवणे कोणालाच सुचले नाही.

उद्घाटनाला खुशालराव नवा फेटा बांधून आले. आता त्यांचे वय साठ होते. त्यांचे नाव लिहिलेली जगात ही एकच पाटी होती. ती त्यांनी चार जणांकडून वाचून घेतली. तेवढ्यात मनकर्णाबाई दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, माया गोटा कोनं आनला? बंडी नालीत गेली न बाप्पा! वांग्याचं भरीत झालं तिथंच!"

"बाई, हात लावू नका. चार मणांचा आहे तो."

"चार मन? मंग मी काय रोज हत्ती उचलून राहिली?"

त्यांनी पदर खोचला, मला उचलले आणि पाहुण्यांच्या टेबलावर ठेवले. हारांचे तबक खाली पडले. मागून कोणी तरी ओरडले, "पैलवान, भाजीवालीसंगं कुस्ती लावा आता!"

मास्तरांनी कापूस बाजारातून काटा आणवला. सव्वा मण तीन शेर. सगळे हसले. खुशालराव हसले नाहीत. फेटा सोडून त्यांनी काखेत धरला.

"पुसा मास्तर ते पाटी," ते म्हणाले. "माह्यं नावही पुसा."

"कावून पुसता?" मनकर्णाबाई त्यांच्या आड आल्या. "मी त दोन हातानं कमरेवरीच उचलते. यायनं एका हातानं डोक्श्यावर नेला होता. नवी नवरी होती मी, या डोयानं पाह्यलं. आन् तो मांगून वरडनारा कोन हाय? ये बाप्पा, तू उचलून दाखव."

ओरडणारा पुढे आला नाही.

नवी पाटी अशी आहे: 'वजन सव्वा मण तीन शेर. खुशालरावांनी एकदा, एका हाताने, डोक्यावर. मनकर्णाबाईंनी अठरा वर्षे, रोज, कमरेपर्यंत.' खुशालरावांनी फेटा पुन्हा बांधला आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या बंडीसाठी नवा गोटा पोचवला. तो बैलगाडीतून नेला, हेही मास्तरांनी वहीत नोंदवले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमच्यावरची धूळ पुसा, आणि आमची थोरवी लिहिण्याआधी आम्हाला एकदा काट्यावर ठेवा. खरे वजनही पुरेसे असते. माझ्या शेजारी मुद्गलांची जोडी आहे. तिच्या पाटीवर 'तीन मण' लिहिले आहे. काटा आला त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.