नानाजींचं स्वगत

वडनेरच्या रुख्माबाईंनी बावन्नाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तोही नवऱ्याला, म्हणजे नानाजींना, न विचारता. तेव्हापासून नानाजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. स्वतःशी बोलणं मात्र दुप्पट वाढलं. तसा हा माणूस लग्नापासूनच मनातलं सगळं मोठ्यानं बडबडायचा, आणि घरच्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवायचं, ही घरची रीत. एकदा धाकट्या दिरानं उत्तर दिलं, तर स्वारी भरल्या ताटावरून उठली होती.

उद्या मराठीचा पेपर, तोही हिंगणघाटला. नाटकाच्या धड्यातला संवाद समजला, नेपथ्य समजलं, स्वगतापाशी मात्र रुख्माबाईंचं घोडं अडलं.

"पात्र मनातलं मोठ्यानं बोलते," पोळ्या लाटता लाटता त्यांची लेक वर्षाली सांगत होती. "प्रेक्षकाईले ऐकू येते, बाजूच्या पात्राईले नाई."

"बाजूलेच उभे, अन् ऐकू येत नाई? बहिरे हायेत काय?"

तेवढ्यात ओसरीवरून नानाजींचा आवाज आला. "सकाळची एसटी त बंद हाय. बाई जाईन कशी पेपरले? मी गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. पन कोनी म्हनलं पायजे ना! मीच काऊन बोलू आंधी?"

मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"आई वो, हेच स्वगत!" वर्षालीला हसू आवरेना.

"अगं बाई! म्हंजे तीस वर्षं मी नाटकातच काम करून राह्यली की!"

हसून झालं, पण आता रुख्माबाईंपुढे पेच पडला. उत्तर द्यावं, तर हा माणूस बिथरायचा. गप्प राहावं, तर पेपर बुडायचा. वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास डोळ्यांपुढे आला, तशा त्या उठल्या आणि ओसरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, नऊ वाजता निघू."

नानाजी दचकले. "तुले ऐकू आलं?"

"तीस वर्षांपासून येऊन राह्यलं."

"सगळं?"

"सगळं."

नानाजींचे कान लाल झाले. कोणकोणती बडबड आठवत होती, कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"साडेआठलेच निघू," शेवटी ते बायकोकडे बघून म्हणाले. "रस्त्यात पंक्चर-गिंक्चर झालं त?"

"आई, हा संवाद झाला!" वर्षाली आतून ओरडली.

रुख्माबाईंना ते कोणी सांगायची गरज नव्हती. पदरानं डोळे पुसून त्या चहा ठेवायला आत गेल्या.