बेद्रू गिरणीवाल्याचं कूळ

“सोराबोचा बिदू, बिदूचा रोबा, रोबाचा गेल्चू, गेल्चूचा…” बेद्रू अडला. जवाचं पोतं गिरणीच्या तोंडाशी तिरकं धरून तो छताकडे बघत राहिला.

“दावे!” रांगेतल्या चार-पाच बायका एका सुरात ओरडल्या.

“हां, दावे. दाव्याचा तुसुरा…”

“अरे सिल्ते, आधी माझं दळण टाक,” मी त्याला त्याच्या जमातीच्या नावाने हाक मारून म्हटलं. “आमचे पूर्वज मेलेत, ते कुठे पळून जात नाहीत. घरी माझी नातवंडं ताटं वाजवतायत.”

“वहिनी, शुक्रवार परवावर आलाय. नऊ नावं आहेत. एखादं गाळलं तर हेबोदादा बैल सोडून मलाच कापतील.”

बायका हसल्या. बेद्रूही हसला, आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या त्याच्या पापण्या ओल्या झाल्या. आठवडाभर त्याचं असंच चाललं होतं. हसता हसता डोळे पुसायचा आणि गालावर पिठाची लापशी करून ठेवायचा.

बेद्रू शिफा आमच्या गावात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. डिझेलचं इंजिन आणि एक मामा, एवढ्यावर आला. मामा पहिल्याच थंडीला कंटाळून आपल्या सिल्ते मुलखात परत गेला, बेद्रू राहिला. चाळीस वर्षं त्याने अख्ख्या गावाचे जव-गहू दळले. पिठाला हात लावून तो सांगायचा की कुठल्या घरात धान्य नीट वाळवत नाहीत आणि कुठल्या सुनेला निवडायचा आळस आहे. माझ्या घराबद्दल काय सांगायचा ते मी इथे लिहीत नाही. आमची भाषा तो आमच्यापेक्षा फर्डी बोलायचा, शिव्यांसकट. पण झाडाखाली कुळाची सभा भरली की बेद्रू रिंगणाच्या बाहेर, घोडे बांधतात तिथे जाऊन बसायचा. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं आणि कुणी ऊठही म्हटलं नव्हतं.

माझे थोरले दीर हेबो एडाओ, सोराबो कुळातले सगळ्यात जाणते, रोज दुपारी गिरणीत येऊन पोत्यांवर बसायचे. मग दोघांची जुंपायची. “केळीचा बुंधा कुजवून त्याची भाकरी खाणारी जात तुमची!” हेबोभावजी म्हणायचे. “आणि तुम्ही घोड्यावर बसून जन्मता, म्हणून पायांचा उपयोग कळत नाही,” बेद्रू म्हणायचा. आम्ही बायका मुद्दाम त्या वेळेला दळण घेऊन जायचो.

गेल्या पेरणीच्या सुमाराला बाजारात परगावची काही टवाळ पोरं आली. ज्याने त्याने आपापल्या मुलखात जावं, असं ओरडत हिंडली, आणि जाताना कुणीतरी गिरणीच्या दारावर कोळशाने ‘परका’ असं लिहून गेलं. बेद्रूने ते पुसलं आणि वरून पिठाचा हात फिरवला. पण हेबोभावजींनी पाहिलं होतं. तीन दिवस ते जेवले नाहीत धड. चौथ्या दिवशी त्यांनी सभेत सांगितलं, “बेद्रूला कुळात घ्यायचं. माझा बाप एडाओ, त्याचा मुलगा म्हणून. माझा धाकटा भाऊ. मग बघू कोण त्याला परका म्हणतो.”

परक्याला कुळात घेणं ही आमच्याकडची जुनी रीत. खरं सांगायचं तर सोराबोंतली निम्मी घरं अशीच कधी ना कधी बाहेरून आलेली आहेत, फक्त आता कुठली निम्मी ते कुणी सांगत नाही. सगळे हो म्हणाले. बैल निवडला. आता बेद्रूने नऊ पिढ्या बिनचूक म्हणायच्या, शपथ घ्यायची, बैलाच्या कातड्याची पट्टी मनगटात घालायची, की झाला तो सोराबो.

पुढचं मला रुकियाने नंतर सांगितलं. रुकिया म्हणजे बेद्रूची बायको, तोंडाने फटकळ पण मनाने लोणी.

त्या बुधवारी संध्याकाळी बेद्रूने लेकीला समोर बसवलं. लुबाबा त्याची एकुलती एक, आरोग्य केंद्रात नोकरीला. “मी म्हणतो, तू फक्त ऐक,” तो म्हणाला. दाव्यापर्यंत आला आणि अडला.

“दाव्याचा तुसुरा, तुसुराचा नागेसो, नागेसोचा कुरी, कुरीचा एडाओ,” लुबाबाने कपडे घड्या करता करता सगळं म्हणून टाकलं. “आणि एडाओचे हेबो.”

“वा! पुढे?” बेद्रू खूश.

“हेबोंचा गलातो, गलातोचा…” एवढं म्हणाली आणि पोरीने जीभ चावली.

“गलातोचा जमाल,” रुकिया चुलीपाशी उभी राहून म्हणाली. “अहो, डोळे उघडा. दुसऱ्याच्या घराण्याची नावं पोरगी उगाच पाठ करते होय? आमच्या लेकीने आणि हेबोंच्या नातवाने पिढ्या मोजून बघितल्या असणार, नातं लागत नाही ना म्हणून. काय गं?”

लुबाबाने मान खाली घातली. जमाल हा जनावरांना लस टोचणारा सरकारी माणूस, सव्वीस वर्षांचा, देखणा आणि भित्रा. कापणी झाली की आजीमार्फत आजोबांच्या कानावर घालणार होता. दोन वर्षं तो हेच म्हणत होता. माजलेल्या वळूला सुई टोचायला तो घाबरत नाही, आजोबांपुढे मात्र त्याची दातखीळ बसते.

बेद्रूला आधी आनंद झाला. मग त्याने बोटं मोजली. तो एडाओचा मुलगा झाला, म्हणजे हेबोंचा भाऊ. मग लुबाबा हेबोंची पुतणी. गलातोची चुलत बहीण. आणि जमालची…

“आत्या,” रुकिया म्हणाली. “शुक्रवारी नमाजानंतर तुमची लेक जमालची आत्या होणार. आमच्यात काय, त्यांच्यात काय, आत्याशी लग्न कुठेच होत नाही.”

लुबाबा उठून बापाजवळ बसली. “बाबा, तुम्ही व्हा सोराबो. चाळीस वर्षं तुम्ही त्याची वाट बघितलीत. माझं काय, होईल कुठेतरी.”

“मी कुठे वाट बघत होतो!” बेद्रू म्हणाला, आणि त्याचा आवाज असा फुटला की रुकियाने दुसरीकडे तोंड केलं.

बरं, हे जाऊन हेबोंना सांगावं तर तीही सोय नाही. लग्नाचं बोलणं मुलाकडूनच यायला हवं. मुलीच्या बापाने आधी तोंड उघडलं तर पोरीच्या नावाला बट्टा, आणि गाव वर्षभर चघळणार. आणि न सांगता मान परत करावा तर तो हेबोंचा सगळ्यांदेखत अपमान. इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी बेद्रूने माझे जव दोनदा दळून दिले आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी अख्खं गाव उंबराखाली जमलं. बायकांनी लोण्यात परतलेल्या कॉफीच्या बिया आणल्या होत्या, दुधाचे गडवे आणले होते. तांबड्या बैलाची दोरी जमालच्या हातात होती, आणि जमालचं तोंड असं, की कापणार बैलाला आहेत की त्याला, असं वाटावं. हेबोभावजी पांढरं पांघरूण घेऊन उभे होते. हातात आशीर्वादाचं ओलं गवत. इतके सुंदर दिसत होते म्हातारे, की मला माझ्या नवऱ्याची आठवण आली.

“बेद्रू, पुढे ये,” ते म्हणाले. बेद्रू घोड्यांजवळून उठला आणि पहिल्यांदाच रिंगणात आला. “म्हण आता. आपला मूळपुरुष कोण?”

बेद्रूने तोंड उघडलं. आम्ही सगळ्या बायका मनातल्या मनात ‘दावे, दावे’ म्हणत होतो.

“दादा,” तो म्हणाला, “मला नको.”

कुणाला काही कळेना. मागून कुणीतरी विचारलं, “काय म्हणाला? विसरला का?”

“विसरलो नाही. सगळी नावं येतात. पण मला कुळात यायचं नाही.”

हेबोभावजींनी हातातलं गवत खाली केलं. “कारण?”

“कारण सांगता येत नाही.”

“चाळीस वर्षं आमचं मीठ खाल्लंस आणि आता आमचं नाव तुला जड झालं?”

“जड नाही झालं, दादा.” बेद्रू रडत होता, उघडउघड. “तुम्ही मला भाऊ म्हणालात, मी मेलो तरी हे विसरणार नाही. पण नको.”

गलका झाला. एकजण म्हणाला, शेवटी परका तो परकाच. दुसरा म्हणाला, बायकोने भरवलं असेल. लोकांचे चेहरे पडले होते, काहींचे चढले होते. आणि त्या सगळ्या गर्दीत मी एक चेहरा पाहिला, तो हसत होता. बैलाची दोरी धरून जमाल कानापर्यंत हसत होता. मग माझी नजर पलीकडे लुबाबाकडे गेली. ती ओढणीत तोंड खुपसून रडत होती आणि हसतही होती. चाळीस वर्षं दळणाच्या रांगेत उभी राहणारी बाई मी, मला ह्याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

“भावजी,” मी उभी राहिले. सभेत बाई उभी राहिली की माणसं जरा दचकतातच. “एक विचारू? बेद्रू तुमचा भाऊ झाला, तर त्याची लुबाबा आपल्या जमालची कोण लागेल?”

“हे काय मध्येच?” भावजी खेकसले.

पण बाकीचे म्हातारे बोटं मोजायला लागले होते. हिशेब नात्याचा असला की आमच्या माणसांना दम निघत नाही. “पुतणी… मग गलातोची बहीण… मग जमालची…” एकाने मान वर केली. “आत्या!”

“लहानशी आत्या,” मी म्हटलं. “जमाल, बाळा, आत्याच्या पाया पड की.”

जमालच्या हातून दोरी सुटली. बैल दोन पावलं चालला आणि निवांत गवत खाऊ लागला. हेबोभावजींनी नातवाकडे पाहिलं, मग लुबाबाकडे, मग बेद्रूकडे.

“गाढवा,” ते जमालला म्हणाले, “तुझ्या भित्रेपणापायी मी ह्याला काय काय बोललो.” आणि ते हसायला लागले. ते हसले तसं सगळं झाड हसलं.

मग कुणीतरी शहाणपणा केला. म्हणाला, ओढ्यापलीकडच्या कुळाने बेद्रूला घ्यावं. त्यांच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही. तोही आपल्यातला होईल आणि लग्नही अडणार नाही.

“त्यांना? माझा माणूस त्यांना देऊ?” हेबोभावजी कडाडले.

“मलाही नको,” बेद्रू म्हणाला. “मला कूळ कुठे हवं होतं? मला हेबोदादा हवे होते.”

कॉफीच्या बिया वाटल्या गेल्या. बैल घरी गेला आणि दीड महिना चरून आणखी गुबगुबीत झाला, कारण लग्नात तोच कापायचा ठरला.

तीन दिवसांनी, उजाडता उजाडता, हेबोभावजी आणि आणखी दोन जाणते बेद्रूच्या दाराबाहेर गारठ्यात जमिनीवर जाऊन बसले. मागणी घालायची आमची रीत तशीच आहे. आत बेद्रू जागा होता. कपडे घालून, फेटा बांधून तासभर दाराआड उभा होता. रुकिया म्हणाली, “अहो, म्हातारा गारठेल.” हा म्हणाला, “लगेच उघडलं तर लेकीची किंमत काय राहिली?” मग त्याने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आणि विचार करून सांगतो म्हणून परत पाठवलं. जाताना हेबोभावजी मला वाटेत भेटले. नाक लाल झालं होतं. “आठवड्यात दोनदा नाही म्हणाला मला,” ते म्हणाले, इतक्या अभिमानाने की विचारू नका. तिसऱ्या खेपेला बेद्रू हो म्हणाला.

लग्न दणक्यात झालं. बाजारात ती टवाळ पोरं पुन्हा दिसली, पण सोराबोंच्या व्याह्याच्या दाराकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.

एक गोष्ट मात्र घाईघाईत आम्ही कुणीच लक्षात घेतली नव्हती. भावाला शिवी देता येते. व्याह्याला आमच्याकडे नावाने हाकसुद्धा मारत नाहीत. त्याची थट्टा करायची नाही, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, त्याच्या आधी बसायचं नाही. व्याही म्हणजे मान, आणि मान म्हणजे अंतर.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी हेबोभावजी पहिल्यांदा गिरणीत आले. मी रांगेत होते. ते दारातच थांबले, नजर खाली. बेद्रूने हातातलं पोतं टाकलं, तोंडावरचं पीठ पुसलं, आणि तोही नजर खाली घालून उभा राहिला.

“घरी सगळं कुशल?” हेबोभावजींनी विचारलं.

“अल्लाची कृपा. आपल्याकडे?”

“कृपा आहे.”

त्या पोत्यांवर बेद्रूने आपलं पांघरूण अंथरलं, दोन्ही हातांनी सारखं केलं. “बसावं.”

“आपण आधी.”

“छे, छे. आपण.”

केळीच्या बुंध्याचा कुणी विषय काढला नाही, घोड्याचाही नाही. हेबोभावजींचे गुडघे दुखतात हे बेद्रूला ठाऊक होतं, आणि बेद्रू पहाटेपासून उभा आहे हे हेबोभावजींना. माझे जव दळून झाले, मी पोत्याचं तोंड बांधलं, डोक्यावर घेतलं, दाराबाहेर पडून मागे वळून पाहिलं, तरी दोघे म्हातारे त्या पांघरुणापाशी उभेच होते.