मांडे कुणाच्या हातचे

कोकिळानं पालथ्या खापरावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते चर्र करून उडाले तशी ती कणकेवरचं ओलं फडकं काढायला वाकली. तेवढ्यात प्रमिलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर खापराकडे नव्हती, कणकेकडेही नव्हती.

“ते गळामानं काढी ठेव व,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “पाव्हना येतीन आते.”

गळ्यात मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांमध्ये ओवलेला एक स्टीलचा क्रूस होता. करंगळीच्या नखाएवढा. कोकिळाचा हात आपसूक तिथं गेला.

“आनि हाई टिकली लाव. एक दिसना प्रश्न शे.”

चूल प्रमिलाबाईंच्या पुढच्या अंगणात मांडलेली होती, निंबाच्या सावलीत. मांडे नेहमी असेच, चारचौघांच्या देखत करायचे असतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि न फाटता खापरावर टाकायचा. हे बघायला गावच्या बाया कामं सोडून येतात, आणि पाहुण्यांची अर्धी भूक डोळ्यांनीच भागते. सोनगीरपासून नरडाण्यापर्यंत या कामात कोकिळाचा हात धरणारी बाई नव्हती. हे कुणीही सांगितलं असतं, आणि कुणी नसतं सांगितलं तर कोकिळानं स्वतः सांगितलं असतं.

कारण तिला ते ऐकायला फार आवडायचं. कुठल्या लग्नात कुठल्या व्याह्यानं काय म्हटलं, ते तिला वीस-वीस वर्षं पाठ. कुणी वाखाणलं की अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि कुणी मुकाट्यानं जेवून उठलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. नवरा जीवराम म्हणायचा, “तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही.”

तीन वर्षांपूर्वी नरडाण्याच्या मंडळीत तिनं बाप्तिस्मा घेतला. त्यावरून गावात कुणी भांडलं नाही की टाकून बोललं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. पहिला मांडा कुळदैवताच्या नैवेद्याचा. तो हिच्या हातचा कसा चालेल, असं कुणीतरी म्हणालं असेल आणि बाकीच्यांनी मान हलवली असेल. मग सगळीकडे गेंदाबाईला बोलावू लागले. गेंदाबाईचे मांडे जाड. तीन वर्षं कोकिळा हे मनातल्या मनात म्हणत आली होती.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर असताना गेंदाबाई पाय घसरून पडली आणि तिचा मनगटापासून हात प्लास्टरमध्ये गेला. त्यातच प्रमिलाबाईंच्या मुलीला, रूपाला पसंत केलेली जळगावची मंडळी तारीख धरायला येणार, आणि मुलाच्या आईनं फोनवर आमरस आणि खापराचे मांडे अशी फर्माईश केलेली. काल प्रमिलाबाईंचा निरोप आला तेव्हा कोकिळाला रात्री झोप लागली नव्हती. मनात मांडे खाणं म्हणतात ते तिनं अगदी पोटभर केलं. अंगण भरेल, बाया जमतील, कुणीतरी म्हणेल की मांडे करावेत तर कोकिळानंच.

ती आता टिकलीच्या पाकिटाकडे बघत होती.

“अक्का, हाई काही निंघाव नही,” ती म्हणाली.

“मंग तुले पुढे कशी बसाडू? लोके काय म्हणतीन?”

प्रमिलाबाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या एवढंच. कोकिळा त्यांना चाळीस वर्षं ओळखत होती. आपल्यासारखीच ही बाई दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून जगते, हे तिला ठाऊक होतं.

क्रूस काढून टिकली लावायला एक क्षण पुरला असता. अंगण तिचं झालं असतं. तिनं एकवार निंबाखालच्या त्या झाडलेल्या जागेकडे बघितलं, आणि मग परात उचलून कमरेवर घेतली.

“मी मांगे बसस. गोठाजोडेनी पडवीमा. मन्हं नाव नका सांगू. पन हाई गळामा राही.”

प्रमिलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः पुढे होऊन चुलीतली लाकडं मागं नेली.

पाहुणे अकराच्या सुमाराला आले. मुलगा भूपेंद्र, त्याचे वडील, आई दीपमालाबाई आणि दोघी काकू. कोकिळाला कुणी दिसत नव्हतं, पण मधल्या खिडकीतून आवाज सगळा येत होता. ती मांडे करत राहिली. रूपा येऊन थप्पी घेऊन जायची. पोरगी बी.एस्सी. झालेली, स्कूटी भरधाव चालवणारी. कणकेशी तिचा संबंध खाण्यापुरता.

“अहो, हे तर मलमलीसारखे आहेत,” दीपमालाबाईंचा आवाज आला. “इतकी वर्षं झाली, असा मांडा खाल्ला नाही. कुणी केले हो?”

कोकिळाचे हात थांबले.

“आमनी रूपानीच,” प्रमिलाबाई म्हणाल्या. म्हणायचं त्यांनी ठरवलं नसावं. तोंडातून गेलं.

कोकिळाला लागलं. चांगलं काळजापर्यंत लागलं. नाव सांगू नका असं तीच म्हणाली होती. पण नाव न सांगणं वेगळं आणि दुसऱ्याचं सांगणं वेगळं. तिला सुकलालभाऊ आठवले, नरडाण्याचे पास्टर. पहिल्या नाताळाला तिनं जीव ओतून मांडे केले होते, आणि हा माणूस जेवून उठताना एवढंच म्हणाला, “अजून एक वाढा.” ती आठवडाभर रुसली होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, तेव्हा ते हसले. म्हणाले, “कोकिळाबाई, लोकांनी वाखाणलं म्हणून तुम्ही एक इंच वाढत नाही, नाही वाखाणलं म्हणून एक इंच घटत नाही. तुमचं माप ज्यानं घ्यायचं त्यानं क्रूसावरच घेतलंय.” तेव्हा तिनं ते बोलणं रागातच ऐकलं होतं.

तिनं पुढचा उंडा घेतला. हातावर पसरला, फिरवला, उलट्या पंजांवर झेलला. कोपरापर्यंत आला तेव्हा त्यातून पडवीबाहेरचं ऊन आणि दावणीचा बैल दिसत होता. इतका पातळ तिच्या हातून कधी उतरला नव्हता, आणि बघायला त्या बैलाशिवाय कुणी नव्हतं. “प्रभू, हा तुझा,” ती पुटपुटली आणि तिला एकदम हसू आलं. मांडा सुरेख झाला होता. तो कुणी बघितला नाही म्हणून तो काही कमी सुरेख नव्हता.

तेवढ्यात आतून पावलं वाजली.

“नाही नाही, मला बघायचंच आहे,” दीपमालाबाई म्हणत होत्या. “कोपरापर्यंत कसा नेते ते बघू दे की सुनेला!”

पडवीच्या दारात रूपा आली. मागं दीपमालाबाई, दोघी काकू, आणि सगळ्यांच्या मागं प्रमिलाबाई. त्यांची तर पाचावर धारण बसली होती. रूपा चुलीजवळ येऊन बसली. तिचे हात कोरडे होते.

“या कोण?” एका काकूंनी विचारलं.

“मदतीला आल्यात,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

कोकिळाला आता काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. उंडा रूपाच्या हातावर ठेवायचा आणि बघत राहायचं; दुसऱ्या फेऱ्यात तो फाटला असता, पुरण मांडीवर सांडलं असतं, आणि मांडे कुणाच्या हातचे ते साऱ्या जळगावला कळलं असतं. तीन वर्षांचं उट्टं एका उंड्यात निघत होतं.

तिनं रूपाच्या हातांना तेल लावलं.

“बोटं नको ताणू,” ती हळूच म्हणाली. “कोपर सैल सोड.”

उंडा रूपाच्या पंजांवर पसरला, एक फेरा झाला, आणि मधोमध पातळ होऊन फाटू लागला. कोकिळाचे दोन्ही हात खालून आले आणि फाटण्याच्या जागी अलगद टेकले. चार हातांवर मांडा सावरला गेला. रूपानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

“मावशी,” रूपा दीपमालाबाईंना म्हणाली, “मला येत नाही. एकही मी केलेला नाही. सगळे कोकिळाकाकूंनी केलेत.”

मांडा मोठा होत होता आणि आता तो एकट्या कोकिळाच्या हातांवर होता. प्रमिलाबाईंनी चौकट धरली. कोकिळानं हात खापरावर नेऊन मांडा पसरला. त्याला एक सुरकुती पडली नाही. मग ती जाळाकडे बघू लागली. मांड्याला जाळ जास्त झाला तर कड करपते आणि कमी झाला तर कणीक कच्ची लागते. लाकूड मागं ओढायचं, परत पुढं सारायचं. वर कुणीतरी बोलत होतं, बराच वेळ बोलत होतं. मध्येच कुणी हसलं. कड सुटली तशी कोकिळानं मांडा दोन्ही हातांनी उलटला. सोन्यासारखा भाजला होता. तिनं तो घडी करून ताटात ठेवला आणि मान वर केली तेव्हा दीपमालाबाई रूपाच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन चालल्या होत्या.

तारीख वैशाखातलीच धरली गेली. पाहुणे चहा घेऊन निघाले आणि गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर प्रमिलाबाई मागं आल्या. येऊन त्या पडवीच्या ओट्यावर बसल्या.

“मी खोटं बोलनू,” त्या म्हणाल्या.

“हां अक्का.”

“तुले राग नही वना?”

“वना व्हता.”

प्रमिलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा फुलला. आपण केवढी मोठी भेट घेऊन आलोय, असा.

“तुन्हाबद्दल त्या विहीनबाई काय काय म्हनन्यात, आयकं ना तू?”

“नही अक्का. खापरवर मांडा व्हता.”

प्रमिलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. कोकिळा परातीच्या तळाची कणीक गोळा करत होती. शेवटचा उंडा निघेल एवढी होती.

“अक्का,” तिनं विचारलं, “रूपा जेवनी का?”