समासातला ठिपका

ख्रिस्ती मठातल्या पाहुण्यांच्या खोलीत बसून चष्म्या तिसऱ्यांदा तोच कागद वाचत होता आणि तिसऱ्यांदा त्याचं डोकं फिरत होतं. कागद गेलेल्या ब्रदरांच्या आयुष्याबद्दल होता, आणि त्यात ब्रदर कुठेच नव्हते. 'नम्र', 'समर्पित', 'प्रेमळ', 'आदर्श'. सकाळपासून मठातल्या सहा जणांना विचारून त्याने एवढंच गोळा केलं होतं. स्वयंपाक्याने तेवढं वेगळं सांगितलं, की ब्रदर ताटात काही टाकत नसत. पण ते तर मठात कोणीच टाकत नव्हतं.

चष्म्या हे शाळेतलं नाव. आता तो शेहेचाळीस वर्षांचा होता आणि छापखान्यात मुद्रितशोधक होता, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्यावर पोट भरत होता. विशेषणांची त्याला ॲलर्जी होती, आणि इथे तर त्यांचा नुसता सडा पडला होता.

मठाची रीत अशी, की एखादा ब्रदर गेला की त्याच्या आयुष्याचं एक पान लिहायचं. एकच पान, पाठपोट नाही. ते एका जाड वहीत चिकटवायचं आणि दरवर्षी त्याच्या मृत्यूच्या तारखेला जेवणाआधी सगळ्यांनी आपापल्या ताटामागे उभं राहून ऐकायचं. ज्यांचं तोंड आता कोणालाच आठवत नाही अशांचीही पानं अजून वाचली जातात. पान लिहायचं काम मठातल्याच कोणाकडे असतं. या ब्रदरांनी मात्र जाण्याआधी दोन दिवस मठप्रमुखांना, म्हणजे सुपिरियरना, बोलावून सांगितलं होतं, "पान चष्म्या लिहील."

सुपिरियर चकित झाले. चष्म्या तर उडालाच. बायको म्हणाली, "सरळ नाही म्हणून सांगा. त्या माणसाचं नाव निघालं की तुमची जेवणावरची वासना उडते." ते खरं होतं. तरी तो आला होता, आणि का आलो म्हणून सकाळपासून स्वतःवरच चरफडत होता. उद्या ब्रदरांना जाऊन महिना होणार, म्हणून चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सेची प्रार्थना, आणि उद्याच पानाचं पहिलं वाचन. संध्याकाळपर्यंत पान हवं होतं.

ब्रदर वाईट होते असं कोणाला म्हणता आलं नसतं, हीच तर पंचाईत होती. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. मिस्सा त्यांनी करायची नाही, कबुलीजबाब ऐकायचा नाही. लग्न नाही, घर नाही, पगार हातात नाही, आणि जन्मभर शिकवायचं. या ब्रदरांनी अडतीस वर्षं गणित शिकवलं. ताप असला तरी शिकवलं. तास संपला की फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसायचे, कारण पुढच्या सरांना खडूच्या भुकटीने खोकला येत असे. तोच धडा विसाव्यांदा शिकवायचा असला तरी टाचण नव्याने काढायचे. मागच्या वर्षीची टाचणवही उघडून वर्गात आलेले त्यांना कोणी पाहिलं नाही. अशा माणसाचा राग धरणं सोपं नाही. चष्म्याने तो बत्तीस वर्षं नेटाने धरला होता.

ब्रदरांची तपासायची एक पद्धत होती. वहीत चूक सापडली तर ते ती खोडत नसत, सुधारतही नसत. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचे. बस. काय चुकलं ते ज्याचं त्याने शोधायचं. विचारायला गेलं तर गालातल्या गालात हसून खिडकीबाहेर बघायचे. मुलं वैतागायची, पण चूक सापडली की जन्मात विसरायची नाहीत. पुढे ती सवय सगळ्या शाळेलाच लागली.

नववीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी ब्रदरांनी दोघांनाच निवडलं होतं, चष्म्याला आणि त्याच्या बाकावरच्या गोट्याला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ते दोघांना शिकवायचे. निवडीच्या चाचणीत दोघांचं एकच गणित चुकलं, एकाच पायरीवर, एकसारखं. दोन्ही बाजूंना वजा संख्येने गुणलं की मधलं लहानमोठेपणाचं चिन्ह उलटं करायचं असतं. दोघांनीही ते सुलटंच ठेवलं होतं. ब्रदरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि म्हणाले, "इतकी सारखी चूक दोन डोक्यांतून येत नाही." कोणी कोणाचं पाहिलं हे त्यांनी विचारलं नाही. दोघांची नावं कापली. त्या वर्षी शाळेतून कोणीच परीक्षेला बसलं नाही.

आपण पाहिलेलं नाही हे चष्म्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे गोट्याने पाहिलं. हिशेब साधा होता. त्या दिवसापासून त्याने गोट्याशी बोलणं टाकलं, आणि रागाच्या भरात गणिताची वही चुलीत घातली. गोट्याचं आता काचेचं दुकान आहे, मठापासून दोन गल्ल्या सोडून. ते टाळायला चष्म्या आजही बाजाराला वळसा घालून जातो.

पण खरा सल तो नव्हता. चष्म्याचे वडील शिंपी होते. मुलगा कॉपी करतो असं ब्रदर म्हणाले म्हटल्यावर त्यांनी मुलाला मारलं नाही की बोललेही नाहीत. "ब्रदर खोटं कशाला बोलतील?" एवढंच म्हणून मशीन चालवत राहिले. पुढे सतरा वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही, आणि गेले ते तसंच मनात धरून गेले. त्यांच्या अंत्यविधीला ब्रदर आले होते. चष्म्याचा हात हातात घेऊन उभे राहिले, ओठ हलले, वाटलं काहीतरी बोलणार. मग "प्रार्थना करतो" म्हणाले आणि निघून गेले. आता या माणसाला 'आदर्श' म्हणा!

दुपारी सुपिरियरनी ब्रदरांची पेटी आणून दिली. तारखा बघायला उपयोगी पडेल म्हणाले. पेटीत दोन झगे, जपमाळ, टाचेला ठिगळ लावलेले बूट आणि खाली टाचणवह्यांची चळत. एक वही मात्र वेगळी, कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. ती उशाखाली सापडली होती.

वही चष्म्याच्या नववीच्या वर्षाची होती. त्याने पानं उलटली. शाईतलं ते सरळ, नीटस अक्षर. शाळा सुटल्यावरच्या तासांचं टाचण वेगळं काढलेलं, वर लिहिलेलं: 'फक्त दोघांसाठी'. तिसऱ्या पानावर फळ्यावर सोडवून दाखवायचं एक गणित होतं. दोन्ही बाजूंना वजा चारने गुणलेलं. मधलं चिन्ह सुलटंच.

आणि त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका.

चष्म्या ते पान किती वेळ बघत बसला कोण जाणे. म्हणजे चूक फळ्यावर होती. रिकाम्या वर्गात दोघांनीच ती पाहिली, दोघांनीच मन लावून शिकली आणि दोघांनीच इमानदारीने पेपरात उतरवली. कोणी कोणाचं पाहिलंच नव्हतं. मागच्या वर्षीची वही उघडायची नाही हा ब्रदरांचा नेम, त्यामुळे ते पान त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा आलं असेल ते कधी? वर्षाने की वीस वर्षांनी? ठिपका काही सांगत नव्हता. तारीख नाही, शब्द नाही.

त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संताप. मरतानाही या माणसाने गृहपाठच दिला होता! तोंड होतं, जीभ होती, दारात येऊन उभं राहायला पायही होते. वडिलांना एक वाक्य सांगायला किती श्वास लागला असता?

वही काखेत मारून तो तरातरा निघाला. वळसा न घालता, सरळ.

गोट्या आरशाला चौकट बसवत होता. चष्म्याला दारात बघून त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. चष्म्याने वही काउंटरवर उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. गोट्याने चष्मा कपाळावर चढवला, ओळ वाचली, पुन्हा वाचली, मग स्टूल ओढून खाली बसला.

"म्हणजे तूही नाही पाहिलंस," गोट्या म्हणाला.

"मी? मी बत्तीस वर्षं तुला चोर समजतोय."

"आणि मी तुला." गोट्या म्हणाला. "मला तर खात्रीच होती. तुझे बाबा सांगून गेले होते ना."

चष्म्याला कळेना. मग गोट्याने सांगितलं. त्याच आठवड्यात शिंपीकाका त्यांच्या घरी आले होते. हातात नवा कोरा शर्ट, माप न घेता, नुसत्या नजरेने शिवलेला. तो गोट्याच्या हातात देऊन म्हणाले होते, माझ्या मुलाने तुझं पाहून लिहिलं, त्यात तुझंही नुकसान झालं, मनात ठेवू नकोस. आणि मुलाला यातलं काही कळू देऊ नकोस म्हणून हात जोडले होते.

"बरोबर बसला होता रे," गोट्या म्हणाला. "दोन वर्षं घातला मी."

चष्म्या काउंटरला धरून उभा राहिला. एवढ्या मोठ्या दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे, आणि कुठे बघायचं ते त्याला समजेना. बापाने न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली होती, एका पोरापुढे हात जोडून. ज्याने मागायला हवी होती तो पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

"कागद दे," तो म्हणाला. गोट्याने पावतीपुस्तकाखालून एक कोरा कागद काढून दिला. तिथेच, काउंटरवर कोपर टेकून, चष्म्याने पान लिहिलं. विशेषण एकही घातलं नाही. अडतीस वर्षं, ताप, ओलं फडकं, नव्याने काढलेलं टाचण, सगळं लिहिलं, कारण तेही खरं होतं. मग फळ्यावरचं गणित लिहिलं, चुकीच्या चिन्हासकट. दोन मुलांनी कॉपी केली नव्हती हे लिहिलं. शिंप्याने शर्ट शिवला तेही लिहिलं. शेवटी लिहिलं की ब्रदरांना आपली चूक कळली होती आणि ती ते कोणाला सांगू शकले नाहीत. पान बरोबर एक झालं.

संध्याकाळी सुपिरियरनी ते उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. तेही याच शाळेचे, याच ब्रदरांच्या हाताखालचे. अर्ध्यावर आले तसे ते खुर्चीत बसले. गणितापाशी थांबून त्यांनी ओठ हलवत पायऱ्या करून पाहिल्या. मग पुढे वाचत गेले आणि शर्टापाशी पुन्हा थांबले. हे दरवर्षी, जेवणाआधी, सगळ्यांसमोर वाचलं जाणार, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्यांचा हात नकळत टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि टोक शेवटच्या वाक्याशेजारी, समासावर येऊन टेकलं.

"ठिपका नको," चष्म्या म्हणाला. "काय चुकलंय ते तोंडाने सांगा."

सुपिरियरनी वर पाहिलं. चष्म्या हलला नाही. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"चुकलेलं काही नाही," ते म्हणाले.

"मग वाचा उद्या. माझ्या वडिलांबद्दलचं वाक्य जरा मोठ्याने वाचा."